शेपटीचा एक केस

मला गाय कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी बडोद्याच्या वाडी भागातल्या गल्लीत वाढले. गाय म्हणजे सकाळी दारात येऊन पोळी मागणारी, आणि नाही दिली तर दारातली चप्पल चघळणारी, एवढीच माझी तिच्याशी ओळख. पुढे संख्याशास्त्र शिकले, बडोद्यातच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि तिथे वाट्याला आल्या त्या गायीच. म्हणजे गायींचे आकडे. गावोगावहून छोटी पाकिटं येतात, त्यांत जनावरांच्या शेपटीचे मुळासकट उपटलेले केस असतात. केसाच्या मुळाशी जो बारीकसा पांढरा गर चिकटून येतो, त्यातून त्या जनावराची जनुकं वाचतात, आणि वाचलेलं सगळं माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतं. आमचा मामा याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो. तो म्हणतो ते फारसं चूक नाही, तरी मला राग यायचा तो येतोच.

मामा स्वतः जन्मभर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. सुताएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. निवृत्त झाल्यावर त्याने पादरा गावाच्या रस्त्याला थोडी जमीन घेतली आणि घरच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी गीर गायी पाळल्या. आज अकरा आहेत. लेथवरची सवय काही सुटली नाही. दर रविवारी टेप घेऊन तो वासरांच्या छातीचा घेर मोजतो, उंची मोजतो, आणि "माप खोटं बोलत नाही, दीकरा," असं मला दर वेळी ऐकवतो. त्याच्या मागून मामी फिरते, वासरांना गूळ चारत. ती गायींशी फक्त गुजरातीत बोलते. इथल्या गायींना मराठी कुठून येणार, असं तिचं म्हणणं. घरात आम्हा सगळ्यांची भाषा केव्हाच अर्धी-अर्धी झालेली आहे, 'बाळा'चं 'दीकरा' झालं आणि 'ना'चं 'ने', पण गायींच्या बाबतीत मामी भेसळ करत नाही.

गेल्या हिवाळ्यात गोठ्यातला म्हातारा वळू मेला आणि नवा ठेवायची वेळ आली. वळू निवडणं म्हणजे काय असतं, ते मला मामामुळे कळलं. गाय चांगली की वाईट हे तिची धार काढली की समजतं. वळूला काही दूध येत नाही. त्याचा गुण दिसायचा तो त्याच्या लेकींच्या कासेत. म्हणजे आधी वळू लावायचा, नऊ महिने थांबायचं, कालवड झाली तर ती मोठी व्हायची, गाभण राहायची, व्यायची, आणि मग बादलीत पडेल ते दूध बघून ठरवायचं की सहा वर्षांपूर्वी आपण शहाणपणा केला होता की मूर्खपणा. मामाने आजवर दोनदा वळू निवडला. पहिला दिसायला राजा होता. त्याच्या लेकी चहापुरतं दूध द्यायच्या. दुसरा बरा निघाला. आता मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे.

"हा शेवटचा," तो एकदा चहा पिता पिता सहज म्हणाला. "हा चुकला तर सुधारायला मी नसणार."

मामी कपबशा उचलून आत गेली.

निवडायचं होतं दोघांतून. तीन वर्षांचे दोन गोऱ्हे, दोघांचा बाप एक, दोघंही एकाच दिवशी जन्मलेले. एक काबरीचा. काबरी ही मामाची लाडकी गाय, लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि गोठ्यात सगळ्यांत दुधाळ. तिच्या आचळाला स्वतःशिवाय कुणाचा हात लागलेला मामाला खपत नसे. तिचा गोऱ्हा म्हणजे बघत राहावं असा. भरलेली छाती, एका बाजूला जरा झुकलेलं वशिंड, चालताना मानेखालची पोळी झुलायची. दुसरा भुरीचा. भुरी दुसरीकडून आणलेली, हडकुळी, दुधाला बेताची. तिचा गोऱ्हाही बरगड्या मोजून घ्याव्यात असा, शिवाय तिरसट.

"यात निवडायचंय काय?" मामा म्हणाला. "खाण तशी माती."

म्हणून ठरलं असं, की काबरीचा ठेवायचा. भुरीच्याला खच्ची करून डभोईकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला गाडीसाठी द्यायचा. जनावरांच्या डॉक्टरला गुरुवार दिला होता. ते एकदा झालं की परत फिरणं नाही.

मग मला कशाला मध्ये घेतलं? तर मामाला कागद हवा होता. शेजारचा शेतवाला आपल्या वळूचं कसलंसं प्रमाणपत्र भिंतीला लावून बसला होता आणि ते मामाच्या डोळ्यांत खुपत होतं. "तुझ्या त्या मशीनमधून काबरीच्या गोऱ्ह्याचा एक कागद काढून दे ने," तो म्हणाला. मी म्हटलं, एकट्याचं कशाला, सगळ्या गोठ्याचं करू, घरचीच पाकिटं आहेत. खरं सांगायचं तर मलाही जरा मिरवायचं होतं.

एका रविवारी मी पकड घेऊन गेले. शेपटीच्या गोंड्यातले थोडे केस बोटाला गुंडाळायचे, पकडीत धरायचे आणि एका झटक्यात ओढायचे. मुळं आली की नाही ते उन्हात धरून बघायचं. काबरीने मान वळवून नुसतं माझ्याकडे बघितलं. तिचा गोऱ्हा तर रवंथ करत उभा राहिला. भुरीच्या गोऱ्ह्याने मात्र माझ्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की आठवडाभर मी ऑफिसात कठडा धरून जिना चढत होते. तेरा पाकिटं झाली. प्रत्येकावर मी माझ्या हाताने लिहिलं.

हे वाचून पुढचं कसं कळतं, ते मी लोकांना समजावून दमले आहे. हजारो गायींचे केस वाचून ठेवलेले असतात आणि त्याच गायींचं दूध वर्षानुवर्षं मोजलेलं असतं. कुठल्या जागी कुठलं अक्षर असलं की दूध वाढतं आणि कुठलं असलं की घटतं, हे त्या ढिगातून हळूहळू उमगत जातं. मग ज्याला स्वतःला कधीच दूध येणार नाही अशा गोऱ्ह्याचा केस हातात आला, तरी त्याच्या लेकी काय देतील याचा अंदाज बांधता येतो. ज्या लेकी अजून पोटातही नाहीत त्यांचा. मी कितीतरी वर्षं हे काम भाजी जोखावी तशा थंडपणे करत होते. रोजच्या कामाचं कुणाला नवल वाटतं?

निकाल आला तेव्हा दुपार होती. वर भुरीचा गोऱ्हा. साधासुधा वर नाही, मी पाहिलेल्या चांगल्यांत गणावा इतका वर. आणि काबरीचा खूप खाली, सामान्यांच्या गर्दीत कुठेतरी.

पहिल्यांदा, कबूल करते, मला आनंद झाला. उंटावरच्या बाईने शेळीवाल्याला हरवलं होतं. मी लगेच फोन लावला.

"पाकिटं बदलली असशील," मामा म्हणाला.

"मी हाताने लिहिलीत, मामा."

"मग हात बदलला असेल. काबरीच्या पोटी असं होतच नाही. तीन वर्षं मोजतोय मी त्याला."

मी फोन आपटला. संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी धास्ती आली. खरंच बदलली असतील तर? मामाच्या शेवटच्या वळूचा मी खेळखंडोबा करणार होते. पुढच्या रविवारी परत गेले, मामाला शेजारी उभं केलं, आणि त्याच्यासमोर दोन्ही गोऱ्ह्यांचे केस काढून त्याच्याच हाताने पाकिटांवर लिहून घेतलं. डॉक्टरचा गुरुवार पुढे ढकलायचा होता. मामा ऐकेना. तेव्हा मामी अशी काही भांडली की मीच चकित झाले. "तुमचं काय जातंय थांबायला? पोरगी एवढी धावतेय ने?" मला वाटलं, मामी भाचीची बाजू घेतेय. बरं वाटलं.

दुसऱ्या वेळीही निकाल तोच.

मग मी ते केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सगळ्या गोठ्याचे केस वाचलेलेच होते. मी आईशी मूल जुळवून बघितलं. प्रत्येक जागी जनावराकडे दोन अक्षरं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. आईच्या दोन्ही हातांत हिरवीच बांगडी असेल तर लेकराच्या एका तरी हातात हिरवी असायलाच हवी. दोन्ही हातांत लाल निघाल्या, तर ते लेकरू तिचं नाही. एखाद्या जागी वाचण्यात चूक होऊ शकते. पण मामाच्या लाडक्या गोऱ्ह्याच्या बांगड्या काबरीशी शेकडो ठिकाणी जुळत नव्हत्या. मी त्याला भुरीसमोर ठेवला. जुळल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हजारो जागा, एकही अडखळ नाही. मग तो हडकुळा, लाथ मारणारा गोऱ्हा काबरीसमोर ठेवला. तोही तसाच जुळत गेला.

माझ्या अंगावर काटा आला. टेबलावर चहा गार होत होता, बाजूला कुणीतरी सुट्टीच्या अर्जावरून वाद घालत होतं, आणि माझ्यासमोर स्क्रीनवर, कुणी न विचारता, कुणी न सांगता, दोन लेकरं आपापल्या आयांना जाऊन मिळाली होती. तीन वर्षं ती दुसऱ्याच आईचं दूध पीत, तिच्याच मागे फिरत वाढली होती. त्यांना स्वतःला ठाऊक नसेल ते त्यांच्या शेपटीच्या केसाला ठाऊक होतं. आयुष्यभर ज्या आकड्यांना मी भाजीसारखं जोखलं त्यांना त्या दुपारी मी मनातल्या मनात हात जोडले. आणि मग एक वेगळाच विचार आला. मामाने लाडका ठेवला असता, तर आई म्हणून त्याला काबरीपासून दूर बांधलं असतं. आणि लावला असता तो भुरीला, त्याच्या सख्ख्या आईला.

शनिवारी संध्याकाळी गेले. मामीने शेव-उसळ केली होती. मी खाण्याआधीच सांगून टाकलं. मामाने सगळं शांतपणे ऐकलं. बांगड्यांचं उदाहरण त्याने दोनदा सांगायला लावलं. मग तो हिशेब लावल्यासारखा म्हणाला, "त्या दिवशी मी नव्हतोच इथे. मोतीबिंदू काढायला गेलो होतो. हिने फोनवर सांगितलं, दोन्ही गोऱ्हे झाले, सगळं बराबर आहे."

आम्ही दोघांनीही मामीकडे बघितलं. ती शेवेचा डबा बंद करत होती. झाकण लागत नव्हतं.

"भुरीचं वासरू उठतच नव्हतं हो," ती म्हणाली. बोलत मामाशी होती आणि बघत माझ्याकडे. "एवढंसं होतं. आणि भुरीचं पहिलं वेत, घाबरलेली, कासेत काही नाही, हातही लावू देईना. चीक पोटात गेला नसता तर दिवस मावळायच्या आत मेलं असतं ते. इकडे काबरीचं, जन्मल्या जन्मल्या उभं! आणि काबरीची कास नुसती ओसंडतेय. मग मी काय करू? काबरीच्या वासराला पुसलेलं फडकं होतं, तेच याच्या अंगावरून फिरवलं आणि याला तिच्यापुढे ठेवलं. तिने चाटलं ने लगेच! तिचा दांडगा भुरीला लावला. त्याने अशा ढुशा मारल्या, अशा ढुशा मारल्या, की भुरीला पान्हा सोडायलाच लागला."

"दुसऱ्या दिवशी परत बदलायचे होते," मामा म्हणाला.

"बदलणार होते. काबरी याला सोडेना. रात्रभर चाटत बसलेली. तिच्यापुढून ओढून नेऊ?"

"मला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काबरीचं दूध दुसऱ्याच्या तोंडात जाऊ दिलं असतं तुम्ही?"

मामा खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठाच दोष आहे. "नसतं दिलं," तो म्हणाला.

"मग!" मामीने डबा खाली ठेवला. आता तिचा बांध फुटला होता. "दोघंही जगले, मोठे झाले, वांधो काय होता? वळू ठेवायची वेळ येईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानात? तुम्ही डॉक्टर बोलवायचं काढलंत तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. रोज म्हणत होते, आज सांगते, आज सांगते. तीन वर्षं लपवलेलं असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि मला काय ठाऊक, केसात आई असते म्हणून!"

ती रडायला लागली. मला काय करावं ते कळेना. रडणाऱ्या माणसापुढे माझं संख्याशास्त्र काही कामाचं नाही. मी तिची पाठ चोळत बसले आणि मनात म्हणत होते, केसात आई असते खरी, पण मामी, तू नाहीस त्यात. ज्या फडक्याने तू त्या वासराला जगवलंस ते कुठल्याही जागी, कुठल्याही अक्षरात सापडायचं नाही.

मामा उठला आणि गोठ्याकडे गेला. आम्हीही मागोमाग गेलो. तो लाडक्याजवळ उभा होता, त्याच्या त्या भरलेल्या छातीवर हात ठेवून.

"माप खोटं नव्हतं," तो मला म्हणाला. "मीच भलतं मोजत होतो. याच्या छातीत काबरीचं दूध मोजत होतो तीन वर्षं. आणि तो बिचारा भुरीच्या चार थेंबांवर वाढला. त्याला मी मरतुकडा म्हणालो."

मला माझ्या मामाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. माझ्या ओळखीत असे पुष्कळ शिकलेले लोक आहेत, ज्यांना हे वाक्य सुचायला दोन वर्षं लागतील आणि म्हणायला दहा. मी त्याला म्हटलं, हा अंदाज आहे, मामा, शंभर टक्के नाही. तो म्हणाला, लेथवरसुद्धा थोडी सूट धरूनच काम चालतं, मला शिकवू नको.

मग एका दमात त्याने ठरवून टाकलं. वळू म्हणून हडकुळा राहील. काबरीला तो लावायचा नाही, तिच्यासाठी बाहेरून बघू. लाडका खच्ची होईल, पण डभोईला जाणार नाही, इथेच राहील. यावर त्याने मामीकडे बघितलं, आणि मामीने पदराने नाक पुसत मान हलवली. त्या घरात माफी मागण्याची आणि देण्याची एवढीच रीत आहे.

तो हडकुळ्याजवळ गेला. हडकुळ्याने नेहमीप्रमाणे शिंग उगारलं. मामाने त्याच्या गळ्याखाली खाजवलं तेव्हा तो जरा गोंधळला आणि मग मान लांब करून उभा राहिला. वरून बघितलं तर अजूनही हाडंच. पण मला आता तो दिसत होता तसा दिसेना. त्याच्या आत कुठेतरी, अजून न जन्मलेल्या कालवडींच्या भरलेल्या कासा होत्या, आणि मी त्या वाचल्या होत्या.

"आधीच्या दोघांची सहा-सहा वर्षं वाट बघितली," मामा म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "याचं आजच दिसलं. बादली भरलेली मी आत्ताच पाहून घेतली, असं समज. आता वाट बघत राहायला नको मला, दीकरा. सुटलो."

तो हे आनंदाने म्हणाला, आणि मीही आनंदाने ऐकलं. आपल्या कामाने कुणाला एका संध्याकाळी सहा वर्षं देता येतात, असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

मामी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात गुळाचा खडा होता आणि तो ती कुणालाच देत नव्हती.

"तुझ्या त्या मशीनमध्ये माणसाचंही दिसतं का गं?" मामाकडे बघत तिने मला हळूच विचारलं. "किती राहिलंय ते?"

"नाही, मामी. ते नाही दिसत."

"बरं आहे," ती म्हणाली. "मग बघू दे त्यांना सहा वर्षं वाट. सगळ्यांसारखी."